टिंगनंतरची तीन मिनिटं

१

सरबताच्या कारखान्याचा सुपरवायझर बुधवारी सकाळी बाटल्या मोजायचं यंत्र कापडी पिशवीतून घेऊन आला आणि आजारी मांजर डॉक्टरसमोर ठेवावं तसं त्यानं ते मिस्त्रींच्या टेबलावर अलगद ठेवलं.

"दहा बाटल्या गेल्या की हा सातच म्हणतो," तो म्हणाला. "पट्ट्याचा वेग वाढवला तेव्हापासून. डोकं फिरलंय का याचं?"

"डोकं जागेवर आहे. भरभर बोललेलं याला कळत नाही, एवढंच," मिस्त्री म्हणाले. "म्हातारा झालाय. माझ्यासारखा."

मिस्त्रींची ही जुनी खोड. दुखणं यंत्राचं असो की गिऱ्हाइकाचं, आधी समजावून सांगायचं आणि मग हात लावायचा. बाटली प्रकाशाच्या झोतासमोरून जाते तेव्हा तारेतून एक टिचकीएवढा सिग्नल येतो. तो इतका आखूड असतो की आकडा पुढे सरकायच्या आतच संपतो. मग तो सिग्नल लांबवायचा.

"समजा कुणी तुमच्या दारावर टिचकी मारून पळालं," ते म्हणाले. "तुम्ही उठेपर्यंत दारात कुणीच नाही. हे सर्किट त्या पळालेल्याच्या वतीनं दारात उभं राहतं, तुम्ही येईपर्यंत."

"आणि पळालेला?"

"तो केव्हाच खोक्यात जाऊन बसतो. बाटलीच ती."

सुपरवायझर हसला आणि सोमवारी येतो म्हणून गेला. काम खरोखरच डाव्या हाताचं होतं. आठ पायांची एक चिप, एक रेझिस्टर, एक कपॅसिटर. कपॅसिटर म्हणजे विजेची टाकी. ती भरायला जितका वेळ लागतो तितका वेळ दिवा पेटलेला राहतो. टाकी मोठी घ्या, वेळ वाढतो. टाकी भरत असताना पुन्हा टिचक्या मारल्या तर सर्किट ढिम्म हलत नाही. आणि कुणी बोट दाबूनच धरलं, तर बोट सुटेपर्यंत दिवा विझत नाही.

मिस्त्रींनी खण वरवर चाळला, पण चिप मिळेना. फळीवर एक बनवलेलं सर्किट मात्र होतं, साबणाच्या गुलाबी डबीत बसवलेलं. आठ महिने त्याला त्यांनी हात लावला नव्हता. चहा झाला, चष्मा पुसून झाला, शेवटी त्यांनी ती डबी खाली काढली.

२

मिस्त्रींची बायको दोन वर्षं आतल्या खोलीत अंथरुणाला खिळून होती. आधी बोटांतली ताकद गेली, बोलणं मागाहून कमी होत गेलं. तिच्या लोखंडी पलंगाच्या दांड्याला त्यांनी बटण टांगलं आणि बाहेर टेबलाच्या वर घंटा लावली. घंटा जुन्या पद्धतीची होती. बटण दाबलं की आतली दांडी उसळून एका पट्टीवर आपटे, टिंग. सोडलं की ती मागे येऊन दुसऱ्या पट्टीवर आपटे, टाँग. पण तिचं दाबणं इतकं ओझरतं झालं की दांडी निम्म्यातूनच परत फिरू लागली. म्हणून त्यांनी ही डबी बनवली. तिनं नुसतं बोट टेकवलं तरी पूर्ण टिंग आणि दोन सेकंदांनी पूर्ण टाँग.

"जन्मभर माझी कामं लांबवलीत," ती म्हणाली होती, "आज पहिल्यांदा काहीतरी कामाचं लांबवलंत."

मग ती दाबायला लागली. उशी, पाणी, पडदा, पुन्हा उशी. कधी काहीच नाही. ते सगळं टाकून आत जायचे, काय हवंय विचारायचे, आणि ती म्हणायची, "काही नाही. आहात ना, तेवढं पाहिलं."

ऐकायला हे गोड वाटतं. दिवसाला चाळीस वेळा उठावं लागलं की गोडाचंही अजीर्ण होतं. एका सकाळी हातातलं काम तिसऱ्यांदा बिघडलं तेव्हा मिस्त्रींनी डबी उघडली, लहान कपॅसिटर उपटला आणि चांगला अंगठ्याएवढा बसवला. तीन मिनिटांचा. आता एकदा टिंग झालं की तीन मिनिटांनी टाँग, आणि मधल्या वेळात तिनं कितीही दाबलं तरी बाहेर आवाज नाही.

"एकदा दाबलंस की मला कळतं," त्यांनी तिला सांगितलं. "तीन मिनिटांत येतोच मी." ती पडद्याकडे बघत राहिली.

त्यानंतर नवव्या दिवशी, दुपारी तीन चाळीसला टिंग झालं. "आलो," मिस्त्री म्हणाले. एका तारेला सोल्डरचा डाग द्यायचा राहिला होता, तो दिला. मग शेजारच्या तारेलाही दिला. टाँग झालं तेव्हा ते उठून आत गेले. ती गेलेली होती. अंगठा बटणावरच सैल पडलेला होता.

झोपेत गेली, त्रास झाला नसणार, असं डॉक्टर म्हणाले. मिस्त्रींनी मुलीला तेच सांगितलं, आणि भेटायला आलेल्या प्रत्येकाला तेच सांगितलं. त्या तीन मिनिटांचं कुणालाच सांगितलं नाही. तिनं एकदाच दाबलं आणि शांतपणे गेली, की पुन्हा पुन्हा दाबत राहिली? आठ महिने जेवताना, दाढी करताना, लोकांशी हसून बोलताना त्यांच्या मनात हा एकच प्रश्न होता. त्याचं उत्तर डबीकडेही नव्हतं, कारण त्यांनीच तिला बहिरं करून ठेवलं होतं.

३

डबीतली चिप काढून घ्यावी, असा त्यांचा विचार होता. पण सर्किट चालतंय का ते आधी बघावं म्हणून त्यांनी पिन भिंतीत खोचली. आतल्या खोलीतली तार अजून डबीला जोडलेलीच होती. डबीतला लाल दिवा लागला आणि वरची घंटा वाजली. टिंग.

यात काही विशेष नव्हतं. वीज सुरू होताना सर्किटला धक्का बसतो आणि ते आपसूक एकदा चालतं, हे त्यांना पाठ होतं. तरी ते तीन मिनिटं हलले नाहीत. टाँग झालं. मग त्यांनी श्वास सोडला, बाटल्यांचं यंत्र उघडलं आणि कामाला लागले. डबीची पिन काढायची राहून गेली.

दुपारी पुन्हा टिंग झालं.

मिस्त्रींचा हात जागच्या जागी थांबला. बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची साखळी चढवत होतं. दिवा लाल होता. समोरच्या घड्याळात तीन चाळीस झाले होते.

"फ्रीज," ते मोठ्यानं म्हणाले. फ्रीज सुरू होताना तारेत खरकन विजेचा कचरा शिरतो, लांब तार असली की हमखास. उठून ते स्वयंपाकघरात गेले आणि फ्रीजच्या पाठीला हात लावून पाहिला. फ्रीज गार आणि गप्प होता. परत येईपर्यंत टाँग झालं. आतल्या खोलीच्या दारावरून ते दोनदा गेले होते, पण आत डोकावले नव्हते. हे त्यांच्या लक्षात आलं ते संध्याकाळी.

४

गुरुवारी त्यांनी जुना ऑसिलोस्कोप झटकून टेबलावर घेतला. तारेतून काय येतं त्याचं चित्र तो हिरव्या रेघेत काढतो. तारेत घुसलेला कचरा असेल तर रेघ दातेरी, वेडीवाकडी दिसते. तसली दिसली की मनातली पाल मुकाट होईल, असा त्यांचा हिशेब होता. जन्मभर इतरांना सांगत आले होते, की घरात भूत नसतं, वायरिंग खराब असतं.

तीन चाळीसला टिंग झालं आणि पडद्यावर रेघ उमटली.

ती स्वच्छ होती. सरळ खाली आली, तळाला तीनदा थरथरली आणि स्थिर झाली. बटणाच्या आतला पत्रा एकदम टेकत नाही, टेकताना नाचतो. आणि प्रत्येक बटणाचा नाच वेगळा, जशी प्रत्येकाची सही वेगळी. हे बटण मिस्त्रींनी स्वतः बनवलं होतं. तिला जोर लागू नये म्हणून पत्रा कानशीनं घासून पातळ केला होता. तीन थरथरी त्याच्याच. फ्रीज काही तीनदा थरथरत नाही.

म्हणजे आतलं बटण खरोखर दाबलं गेलं होतं.

आठ महिन्यांत पहिल्यांदा ते त्या खोलीत गेले. पलंग, त्यावर बिनचादरीची गादी, घडी घातलेलं पांघरूण, अर्धा ओढलेला पडदा. बटण दांड्याला लटकत होतं. उंदीर असेल म्हणून त्यांनी पलंगाखाली बॅटरी मारली. तिथे फक्त तिची एक चप्पल होती. मग दुपार संपेपर्यंत ते खुर्ची घेऊन बटणासमोर बसले. काही झालं नाही. ते आत बसले असताना काही होणार नाही, हे त्यांना बसल्याबसल्याच कळून चुकलं होतं. माणूस खोलीत असताना कोण कशाला घंटा वाजवेल?

हा विचार इतका साधा आणि सरळ होता की मिस्त्रींच्या अंगावर काटा आला. आणि खरं सांगायचं तर, त्याच वेळी त्यांना बरंही वाटलं.

५

शुक्रवारी मुलगी आली. ती दोन गल्ल्या सोडून राहत होती आणि दर शुक्रवारी येऊन बापाचं स्वयंपाकघर लावून द्यायची, मग बाप आठवडाभर ते विस्कटायचा.

"रविवारी चार वाजता टेम्पो येणार आहे," भांडी विसळता विसळता ती आतून म्हणाली. "पलंग रुग्णालयाला देतोय आपण. त्यांना हवाच आहे. खोली मोकळी झाली की तुम्हालाही बरं वाटेल."

"पुढच्या महिन्यात देऊ की."

"तीन महिने पुढच्याच महिन्यात देतोय आपण, बाबा."

मिस्त्री पुढे काहीतरी सबब काढणार होते, तेवढ्यात टिंग झालं.

"आले गं, आई," मुलगी स्वयंपाकघरातून म्हणाली.

नळ वाहत होता. मग तो बंद झाला. मुलगी ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली आणि घंटेकडे, मग बापाकडे बघू लागली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"तार खराब झालीय," मिस्त्री म्हणाले.

"काढून टाका ती."

"काढतो."

ती तिथेच उभी राहिली. हात पुसायचंही तिला सुचलं नाही. "बाबा, आई झोपेतच गेली ना? तुम्ही म्हणाला होतात."

"हो."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि टाँग व्हायच्या आत पिशवी उचलून घरी गेली. निम्मी भांडी तशीच राहिली, ती मिस्त्रींनी विसळली.

६

रविवारी पलंग जाणार होता. पलंग गेला की बटण जाणार, आणि त्याबरोबर तिनं किती वेळा दाबलं तो आकडाही कायमचा जाणार. शनिवारी सकाळी मिस्त्रींना एकदम दिसलं, की जे हवं ते बुधवारपासून टेबलावरच पडलंय. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

शोधायचीच म्हटल्यावर खणाच्या तळातून एक चिप निघाली. बाटल्यांसाठी करायचं होतं तेच सर्किट त्यांनी केलं, लहानशा कपॅसिटरचं. टिचकी कितीही ओझरती असो, ती आकडा सरकण्यापुरती लांबवायची. पण बाटल्यांच्या झोताऐवजी त्याला आतल्या बटणाची तार जोडली. गुलाबी डबी होती तशीच राहू दिली. ती तीन मिनिटं बहिरी राहील. हे यंत्र मात्र एकेक दाबणं मोजेल. त्यांनी आकडे शून्यावर आणले आणि खुर्चीवर बसले.

तीन चाळीसला टिंग झालं. यंत्र म्हणालं, कट. एक.

"आलो," मिस्त्रींच्या तोंडून निघून गेलं.

मग काहीच नाही. अर्धं मिनिट गेलं. एकच होता तर. एकदाच दाबलं तिनं, आणि शांत झाली. मिस्त्रींचे डोळे भरून आले आणि चष्म्याआड आकडा पुसट दिसू लागला. आठ महिन्यांचं ओझं उतरत होतं आणि ते त्याला उतरू देत होते.

कट. दोन.

कट, कट. चार. जरा थांबून, श्वास घ्यावा इतकं थांबून, पाच. मग सलग सहा, सात. पुन्हा थांबणं. ती अशीच जिने चढायची, चार पायऱ्या आणि एक विसावा. चौदा. एकोणीस. मिस्त्रींनी टेबलाची कड धरली होती. दोन मिनिटं झाली तेव्हा आकडा तेहतिसावर होता आणि मधली अंतरं वाढायला लागली होती. छत्तीस. मोठा विसावा. सदतीस. प्रत्येक वेळी वाटे की हे शेवटचं, आणि प्रत्येक वेळी ते शेवटचं नसे. एक्केचाळीसनंतर यंत्र गप्प झालं. मिस्त्री आकड्याकडे बघत राहिले.

टाँग.

त्या आवाजानं ते भानावर आले. कोपर टेबलावर त्याच जागी होतं. खुर्ची तीच, दुपार तीच. पंधरा पावलांवरून ती एक्केचाळीस वेळा बोलावत होती आणि ते बसून मोजत होते. त्या दिवशी निदान ऐकू आलं नव्हतं. आज एकेक हाक ऐकली, आणि तरी उठले नाहीत.

ते धावले. खोलीत कुणी नव्हतं. दांड्याला बटण मात्र मंद झोके घेत होतं. त्यांनी ते मुठीत धरलं तेव्हा त्याचं टोक कोमट लागलं. पलंगाच्या कडेला कपाळ टेकून मिस्त्री लहान मुलासारखे रडले. भीती वाटायला हवी होती, ती त्यांना कुठे सापडली नाही.

७

रविवारी त्यांनी दाढी केली आणि स्वच्छ सदरा घातला. आत जाऊन पडदा पूर्ण उघडला, तिला उजेड आवडायचा म्हणून. सर्किटला हात लावला नाही. यंत्राचे आकडे शून्यावर आणले, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग टेबलाशी बसले, कारण आत बसून भागणार नव्हतं. जायचं तर तिनं बोलावल्यावर जायचं होतं.

वेळ सरता सरत नव्हता. कुठलंच काम हातात न घेता मिस्त्री आयुष्यात प्रथमच त्या खुर्चीवर बसले असतील.

टिंग.

आज ते "आलो" म्हणाले नाहीत. उठले. गुडघ्यात कळ आली, तिला त्यांनी दाद दिली नाही. पंधरा पावलं, आणि ते दारात होते.

बटण दांड्याला लटकलेलं नव्हतं. ते गादीवर होतं, आणि गादी मधोमध दबलेली होती. उजेडात ते स्पष्ट दिसत होतं. उशाकडे बघायचं धाडस मात्र त्यांना झालं नाही. नजर बटणावर ठेवून ते पलंगाच्या कडेला बसले. दोन वर्षं बसत होते, तेवढीच जागा त्यांच्यासाठी सोडलेली होती.

"काय हवंय?" त्यांनी विचारलं.

तिचं उत्तर काय असणार, ते त्यांना पाठ होतं.

"आहे मी," मिस्त्री म्हणाले. "आलो बघ लगेच."

खोलीत तिच्या औषधी तेलाचा वास येत होता. बाहेर सायकली जात होत्या, कुठेतरी दार आपटलं. टाँग होईल म्हणून ते कान देऊन बसले होते. तीन मिनिटं केव्हाच झाली असावीत. टाँग झालं नाही.

मग बाहेरच्या दाराची कडी वाजली.

"बाबा? टेम्पो आलाय." मुलीचा आवाज टेबलापाशी येऊन थांबला. "आत आहात का तुम्ही?"

"हो."

"हे कसलं यंत्र जोडून ठेवलंय?"

"बाटल्या मोजायचं. आकडा किती दिसतोय?"

"एक," मुलगी म्हणाली.

मिस्त्रींनी डोळे मिटले. एक. कालसारखं आणखी चाळीस वेळा तिला आज दाबावं लागलं नव्हतं. त्यांना मुलीला खूप काही सांगायचं होतं, ती झोपेत गेली नव्हती, हे सगळ्यात आधी. ते आता सांगता आलं असतं.

"आणि त्या गुलाबी डबीतला दिवा चालूच आहे, बाबा. तारेत दोष होता ना? बंद करू का?"

मिस्त्रींनी डोळे उघडले. त्यांचे दोन्ही हात त्यांच्याच गुडघ्यांवर होते. गादीवरचं बटण त्यांच्या हातांपासून वीतभर अंतरावर होतं, आणि त्याचं टोक पूर्ण आत दाबलेलं होतं.

"नको," ते म्हणाले. "टेम्पोवाल्याला जरा थांबायला सांग."

"किती वेळ?"

"दिवा विझला की येतो मी."

 मुलगी डबीसमोर उभी राहिली असावी, कारण बराच वेळ तिच्या पावलांचा आवाज आला नाही.